चार सकाळींचं घर

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी प्रभावती आवटीच्या मधल्या खोलीत साडेदहा वाजता पुन्हा एकदा सकाळ झाली, आणि ती जर्मनीची होती.

प्रभावती तेव्हा उप्पिटाची कढई घासत होती. सांगलीची सकाळ केव्हाच आटोपली होती. नवऱ्याचं, दिगंबररावांचं खाणं झालं होतं, गोळी झाली होती, पेपर वाचून झाला होता. मधल्या खोलीच्या दारातून करडा, गार उजेड सरकत बाहेर आला, तशी ती हात पुसत बघायला गेली. खिडकीबाहेर रोज दिसायची ती समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी नव्हती. ओला रस्ता होता आणि एक माणूस वाकून सायकलला कुलूप लावत होता. टेबलापाशी तिचा थोरला मुलगा शिरीष बसला होता. तो नऊ वर्षं श्टुटगार्टला होता.

"आई, ब्रेड," तो म्हणाला. "आणि अंडं. पाच मिनिटं उकड, सहा नको."

प्रभावतीनं एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. कुठली लाइन कुठे लागली याचं नवल करत बसायचं नसतं, हे तिला नोकरीनंच शिकवलं होतं. बोलणारे बोलतात; आपण लाइन तुटू द्यायची नाही. ती स्वयंपाकघरात गेली. तुरीच्या डाळीच्या डब्यात गोल, कडक सालीचे चार पाव निघाले. फ्रिजमध्ये कालच्या आमटीच्या मागे चीजच्या चकत्या होत्या. तिनं अंडं मोजून पाच मिनिटं उकडलं. शिरीषनं ते एका बुटक्या पेल्यात उभं ठेवलं, सुरीनं त्याचं टोक उडवलं आणि फोनमध्ये बघत चमच्यानं खाल्लं. अंडं सोडलं तर सगळं गारच होतं. चहासुद्धा त्यानं निववून घेतला.

"गरम काही नको का रे? दोन घास उप्पीट देते. स्वयंपाकघरात ये, तिथं ऊन आहे."

"तिकडे आलो तर उशीर होईल आई. तिकडे पावणेअकरा वाजलेत," शिरीष म्हणाला. मग तो उठला, कपाट उघडून आत गेला आणि त्यानं मागे दार लावून घेतलं. प्रभावतीनं कपाट उघडून बघितलं तर आत गाद्या होत्या.

बुधवारी दुपारी साडेतीनला हॉलमध्ये ब्राझीलची सकाळ उजाडली. मुलगी मेधा तिथल्या साओ पावलो शहरात उसापासून इंधन बनवणाऱ्या कंपनीत होती. तिला पपई लागायची, लोणी लावलेला पाव लागायचा, मोठा कप दुधाळ कॉफी लागायची, आणि चीज घालून भाजलेले लहान लहान गोळे लागायचे. गोळ्यांचं पीठ साबुदाण्याच्या डब्यातच सापडलं. साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाचं हे पीठही असतं, असं मेधानं सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मागच्या खोलीत धाकटा पराग येऊन बसला. तिथं मेक्सिकोची सकाळ होती. त्याला मक्याच्या शिळ्या भाकरीचे तुकडे तळून हिरव्या, आंबट रसात भिजवलेले हवे होते. वर फेटलेलं दही आणि बाजूला घोटलेला काळा घेवडा.

"ही तर फोडणीची भाकरी," प्रभावती म्हणाली.

"नाही आई. ह्याला चिलाकिलेस म्हणतात."

"लहानपणी कुस्करा केला की ताटावरून उठायचास."

"तेव्हा मला कळत नव्हतं," पराग म्हणाला आणि त्यानं ताटली पुढे केली. "थोडा रस घाल."

पहिला आठवडा तिला बरं वाटलं. नाही म्हणायला मुलं डोळ्यांसमोर होती, पोटभर खात होती. पण मग ह्या सकाळी लांबत चालल्या. जर्मनीची सकाळ आधी अर्ध्या तासाची होती, ती दोन तासांची झाली. ती आटोपते न आटोपते तोच हॉलमध्ये पपई चिरायची वेळ व्हायची. ती चिरून होईतो मागच्या खोलीत तेल तापलेलं असायचं. महिन्याभरात तिन्ही सकाळी एकमेकींना येऊन भिडल्या आणि घरातली दुपार बंद पडली. जेवायची वेळच येईना. प्रभावती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली की तिच्या चार सावल्या चार दिशांना पडायच्या. चारही सारख्याच लांब असायच्या. तिचे पाय सुजले होते. तिला आडवं व्हायचं होतं, पण सकाळी आठ वाजता कोण आडवं होतं?

दिगंबरराव साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. पहिल्यांदा ते तिन्ही खोल्यांत डोकावायचे, मुलांच्या ताटल्यांतलं चाखून बघायचे, सोसत नसतानाही. मग ते हॉलमध्ये मेधासमोर बसायला लागले. तिथली हवा त्यांच्या गुडघ्यांना मानवली. एक दिवस ते उठलेच नाहीत.

"अहो, तुमचं उप्पीट निवतंय."

"मला इथंच पाव दे. इथं बरं आहे, प्रभा. इथं अजून आठच वाजलेत."

"गोळी?"

"गोळी न्याहारीच्या आधी असते. न्याहारी चालूच आहे."

तिनं त्यांना पाव दिला. नंतर तिच्या लक्षात आलं की त्यांची दाढी वाढत नाही. मेधा सूटकेस भरावी तशी घाईनं खायची, पदर नसताना पदर सावरावा तसे केस मागे सारायची आणि गॅलरीच्या दारातून कामाला जायची. थोड्या वेळानं ती पुन्हा येऊन बसायची, कारण तिथं पुन्हा सात वाजलेले असायचे. दिगंबरराव तिला रोज नव्यानं विचारायचे, काय गं, झोप झाली का?

स्वयंपाकघर तेवढं अजून सांगलीचं होतं. तिथं पहाटे सहाला खरी सकाळ व्हायची, दूधवाल्याची किटली वाजायची, आणि तेवढ्या वेळात प्रभावती ओट्याशी उभ्यानं काहीतरी तोंडात टाकायची. तेही आता पंधरा मिनिटांवर आलं होतं. मुलांच्या ताटल्यांत उरलेलं खाऊन बघावं, असं एकदा तिच्या मनात आलं. तिनं शिरीषच्या पावाचा तुकडा स्वयंपाकघरात आणून चावला. तो बराच वेळ तोंडात फिरला. त्याला पावाची चव नव्हती, खारटपणा नव्हता, काहीच नव्हतं. पाकिटाचा कोपरा चावावा तसं झालं. दार ओलांडलं की त्या सकाळींचं अन्न लागत नव्हतं. मग ती मधल्या खोलीत जाऊन मुलासमोर खायला बसली, तर तिथं एकच खुर्ची होती. ती उभी राहिली. उभ्या माणसासाठी तिथं ताटली नव्हती.

एका सकाळी, म्हणजे हॉलमधल्या सकाळी, मेधानं खाता खाता कागद काढला.

"आई, ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या घरच्यांची आवडती न्याहारी लिहून द्यायचीय. आमच्यात अकरा देशांची माणसं आहेत. भिंतीवर लावणार आहेत. बाबांचं उप्पीट लिहिलं. दादाचे पोहे, बिनकांद्याचे. आता खात नाही, पण लिहिलं. परागचं थालीपीठ. तुझं काय लिहू?"

प्रभावतीच्या हातात कॉफीचं भांडं होतं. ती आठवायला लागली. माहेरी सात भावंडं होती, तेव्हा मिळेल ते खायचं. नोकरीत सकाळची पाळी असली की डबे भरता भरता कढईच्या तळाची खरवड खायची, नाहीतर डब्यातलं कँटीनच्या चहाबरोबर. लग्नानंतर दिगंबररावांना उप्पीट आवडतं, म्हणून उप्पीट. शिरीषसाठी पोहे केले की पोहे. ती एकेक वर्ष मागे जात राहिली आणि प्रत्येक वर्षी ती ओट्याशी उभी होती आणि दुसऱ्या कुणाचं तरी वाढत होती.

"लिही काहीतरी."

"काहीतरी असं लिहिता येत नाही, आई. पदार्थाचं नाव लागतं."

"बाबांना विचार."

मेधानं बाबांकडे बघितलं. दिगंबररावांनी पावाचा घास गिळला आणि खूप विचार केला. त्यांना खरंच सांगायचं होतं, हे प्रभावतीला त्यांच्या कपाळावरून दिसलं.

"ती सगळंच खाते," ते शेवटी म्हणाले.

"मग रिकामं ठेव," प्रभावती म्हणाली. मेधानं त्या ओळीवर एक लहानशी आडवी रेघ मारली आणि कागदाची घडी केली. प्रभावतीला रडू वगैरे आलं नाही. फक्त भांडं जड लागलं, म्हणून तिनं ते खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सकाळ झाली नाही.

पहाटे सहाला तिथं उजेडही आला नाही आणि अंधारही राहिला नाही. घड्याळाचे काटे सहावर आले आणि पुढे गेले. दूधवाल्याची किटली वाजली नाही. रव्याच्या डब्यात रवा नव्हता. काहीच नव्हतं, डब्याचा तळही नीट दिसत नव्हता. बाकी तिन्ही खोल्यांतून हाका येत होत्या. प्रभावतीनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. असे किती दिवस गेले हे सांगता येणार नाही, कारण संध्याकाळ झाल्याशिवाय दिवस मोजता येत नाही. तिला चक्कर येत होती. ओट्याला धरून ती अंडी उकडत होती, पपई चिरत होती, मक्याचे तुकडे तळत होती.

मग दूध संपलं.

"दूध आणते," तिनं हॉलच्या दारातून सांगितलं.

"लवकर ये," दिगंबरराव म्हणाले. "कॉफी राहिलीय."

ती चपला घालून, पिशवी घेऊन बाहेर पडली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावर नलूवहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय हो प्रभावहिनी, किती वाळलात."

"दूध आणायला चाललेय. सकाळपासून घरात दूध नाही."

"कुठली सकाळ? तीन वाजलेत. माझी भांडी घासून झाली, एक झोप झाली." नलूवहिनींनी एक खडा बाजूला टाकला. "तुमच्याकडं बाई सदा आपली सकाळ. आमच्या छतावर दिवसभर तुमच्या पावलांचा आवाज येतो. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, त्या बसतात तरी कधी?"

"बसेन आता," प्रभावती म्हणाली आणि खाली निघाली.

नलूवहिनींच्या दारापासून तळमजला अठरा पायऱ्यांवर होता. अठरा झाल्या, तरी जिना खाली जातच होता. प्रभावतीनं कठड्याला धरलं आणि उतरत राहिली. वर चढून परत जायचं तिच्या पायांत त्राण नव्हतं. उतरणं त्यातल्या त्यात सोपं होतं. भिंतीवरची पानाच्या पिंकांची नक्षी संपली, मग रंग संपला, मग भिंत मातीची झाली. खालून धुराचा वास आला. ओल्या लाकडाचा नव्हे, चांगल्या वाळलेल्या फाट्यांचा.

जिना एका अंगणात उतरला. तिथं नुकतंच उजाडत होतं. हा तिच्या कोणत्याच मुलाचा देश नव्हता. अंगणात सातआठ बायका बुटक्या स्टुलांवर बसून वाडग्यातून काहीतरी खात होत्या. कुणी घाईत नव्हतं. मधे तीन दगडांवर मोठं काळं भांडं होतं, आणि डोक्याला फडकं बांधलेली एक जाडजूड बाई त्यात लाकडी पळी फिरवत होती. तिनं प्रभावतीकडं एकदा बघितलं आणि पायानंच एक रिकामं स्टूल पुढं सारलं.

प्रभावती बसली. तिनं रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.

त्या बाईनं तिला काहीतरी विचारलं. भाषा कळण्यासारखी नव्हती. पण एकतीस वर्षं न कळणाऱ्या भाषा कानांवर पडल्या होत्या. त्यामुळं हा प्रश्न आहे आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं मान डोलावली. बाईनं वाडगा भरून तिच्या हातात दिला.

कसली तरी खीर होती किंवा पेज. धान्य ओळखू येईना. तांदूळ नव्हे, नाचणी नव्हे. वर कडवट वासाचं तूप होतं आणि तुपात दोन काळे दाणे. तिनं एक घोट घेतला. जीभ पोळली. मग चव आली. तिनं दुसरा घोट घेतला आणि ती चव कशासारखी आहे ते आठवायचा प्रयत्न केला, पण ती कशासारखीच नव्हती.

"प्रभा," जिन्यावरून हाक आली. दिगंबररावांचा आवाज होता, बराच वरून येत होता. "दूध मिळालं का?"

शेजारच्या स्टुलावरची बाई थोडी सरकली आणि तिनं प्रभावतीच्या पायाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

"आई, पपई," वरून मेधा म्हणाली. मग शिरीष काहीतरी म्हणाला, पाच मिनिटं की काय. आवाज नेहमीसारखेच होते. त्यांत राग नव्हता. प्रभावतीनं वाडगा खाली धरला आणि ऐकलं. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, पण तोंडात घास होता. तो गिळावा म्हणून ती थांबली.

फडकं बांधलेली बाई पळी भांड्यात सोडून उठली. ती जिन्यापाशी गेली, सगळ्यात खालची पायरी दोन्ही हातांनी धरली आणि सतरंजी गुंडाळावी तसा जिना खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळत आणला. वरची हाक अर्ध्यातच आत गेली. बाईनं ती वळकटी भिंतीला टेकवून उभी केली, मग जिना होता त्या जागी पाण्याचा शिडकावा केला आणि झाडू घेऊन ती पुढं पुढं झाडत आली. प्रभावतीनं झाडायला अडचण नको म्हणून पाय थोडे आत घेतले.