ज्याच्या हातनं लाईन बिघडली

दसरा झाला आणि पाटसच्या पुढच्या त्या दूध संस्थेचं नेट आजारी पडलं. एकदाचं मेलं असतं तर परवडलं असतं, पण ते धड मरेना आणि धड जगेना. दहा मिनिटं चालायचं की तासभर डोळे मिटून पडायचं. संस्थेची रीत अशी, की दूध घ्यायच्या धक्क्यावर फॅट मोजायचा, तो आकडा सहाशे मीटरवरच्या ऑफिसात वायरीनं यायचा, तिथं पावती निघायची आणि मग शेतकरी मोकळा व्हायचा. आकडाच येईना म्हटल्यावर माणसं रिकाम्या कॅनवर बसून राहायची. ती जे बोलत होती ते इथं लिहायची सोय नाही.

चेअरमन आनंदरावानं पाच दिवस कळ काढली आणि सहाव्या दिवशी बिघाड शोधून काढला. बिघाड म्हणजे ऑफिसात पावत्या काढणारी नीलम. कम्प्युटर तिच्या टेबलावर, वायरींचं कपाट तिच्या खुर्चीमागं, मग बिघडवायला दुसरं कोण येणार? आज संध्याकाळी टेबल मोकळं कर, उद्यापासून येऊ नकोस, असं त्यानं तिला सकाळीच सांगून टाकलं. मग आठवण झाल्यासारखा दौंडला फोन लावला आणि सत्तारला म्हणाला, पोरीचं मी बघितलंय, तू येऊन तेवढ्या वायरी नीट करून जा.

सत्तार म्हणजे दौंडचा लाईनवाला. तीस वर्षं त्यानं खड्ड्यात उतरून टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडल्या. तांब्याचे दिवस गेले तसा पन्नाशीनंतर काचेची तार जोडायला शिकला. केसाहून बारीक काच, तिच्यातून उजेड पळतो आणि उजेडाबरोबर फॅटसुद्धा पळतो, हे त्याला अजूनही गमतीचं वाटायचं. आनंदराव त्याचा शाळूसोबती. एका बाकावर बसून दोघांनी सातवीपर्यंत मास्तरांचा जीव नकोसा केला होता.

सत्तार पोचला तेव्हा नीलम टेबलाचा खण रिकामा करत होती. डबा, फणी, गुडघ्याला लावायचं मलम. ते मलम बघून सत्तारनं विचारलं तेव्हा कळलं, की ही शिरूरकडची पोर दोन वर्षं सणसवाडीत पॅकिंगच्या लाईनवर बारा बारा तास उभी होती. सुट्टीच्या दिवशी शिरूरला क्लास करून कम्प्युटर शिकली आणि ही बसायची नोकरी मिळवली. आता परत तिथंच जाऊन उभं राहायचं, एवढंच ती बोलली आणि खणात तोंड घातलं. मलम तिथंच राहू दे, संध्याकाळ अजून लांब हाय, असं म्हणून सत्तारनं पिशवी उघडली.

आधी तांबं. कपाटातून कम्प्युटरकडं जाणारी वायर त्यानं तपासायच्या डबीला लावली. आठच्या आठ दिवे ओळीनं लागले. तांब्याची तक्रार नव्हती.

मग काच. बाहेरून आलेली फायबर भिंतीवरच्या पेटीत संपत होती. तिथून हातभर लांबीची एक पिवळी वायर कपाटातल्या नेटच्या डबीत जात होती. सत्तारनं ती पिवळी वायर काढून बाजूला ठेवली आणि आपलं मोठं यंत्र थेट पेटीला लावलं. हे यंत्र काचेत उजेड सोडतं आणि उजेड कुठं अडखळला ते मीटरमध्ये सांगतं. सहाशे मीटर रेघ सरळ आली, कुठं खड्डा नाही, कुठं वाक नाही. लाईन टाकताना आपण मारलेले जोड बघून सत्तार स्वतःवरच खूष झाला. मग पिवळी वायर परत पेटीला लावून तिच्या दुसऱ्या टोकाचा उजेड मोजला, तर तिथं उजेडाची नुसती धुगधुगी.

सहाशे मीटर ठणठणीत आणि हातभर वायर आजारी. सत्तारनं तिचं टोक दुर्बिणीत धरलं. हे टोक डोळ्यानं बघायचं नसतं, दुर्बिणीच्या छोट्या पडद्यावर बघायचं असतं. पडद्यावर करडा चंद्र उगवला आणि त्याच्या मधोमध लालभडक धोंडा बसलेला दिसला.

सत्तार तोंडावर रुमाल धरून इतका हसला, की नीलमला वाटलं मामांना ठसका लागला. त्यानं तिला विचारलं, खंडेनवमीला इथं मशिनींची पूजा झाली का? झाली की. कोणी केली? आबांनीच, म्हणजे चेअरमननी, दर वर्षी तेच करतात. फोटो? फोटो विक्रमनं काढले होते, म्हणजे धक्क्यावर फॅट मोजणाऱ्या पोरानं. संस्थेच्या ग्रुपवर बेचाळीस फोटो टाकले होते. नीलमनं आपल्या फोनवर एकेक सरकवायला घेतला. ट्रॅक्टर, वजनकाटा, कूलर, फॅटचं मशीन. सतराव्या फोटोवर तिचं बोट थांबलं. कडक इस्त्रीची टोपी घातलेला आनंदराव कपाटासमोर उभा होता. डाव्या हातात ती पिवळी वायर आणि उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट तिच्या टोकावर. उजेड जिथून बाहेर पडतो त्या जागेला त्यानं भक्तिभावानं टिळा लावला होता.

नीलमनं फोन पालथा ठेवला. ती हळूच म्हणाली, “मामा, पुसा आन् गप निघा. नेट चालू झालं तर आबा इसरतील. फोटो दाखवला तर मात्र माझं काय खरं न्हाई.”

पोरीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण सत्तार आनंदरावाला ओळखून होता. आता पुसलं तर तो गावभर सांगणार, पोरगी काढली आणि नेट सुरळीत झालं. आणि दुसरीही एक गोष्ट होती. सातवीत असताना आनंदरावानं मास्तरांच्या पिशवीत बेडूक सोडला होता. छड्या खाल्ल्या सत्तारनं, सात. आनंदराव शेजारी बसून पाढे म्हणत होता. त्या सात छड्या सत्तारच्या तळहातावर अजून जागच्या जागी होत्या. त्यानं वायर पुसली नाही. बिघाड सापडलाय, चेअरमनसाहेबांना बोलवा, असा निरोप त्यानं विक्रमबरोबर धाडला. रांगेतली माणसं दाराशी गोळा झाली तेव्हा त्यांनाही आत घेतलं.

आनंदराव आला. शाळूसोबती ‘साहेब’ म्हणतोय, ‘तुम्ही’ म्हणतोय, यावरूनच त्यानं सावध व्हायला हवं होतं. पण चार माणसांत मान मिळाला की त्याचं डोकं चालायचं थांबत असे. सत्तारनं अदबीनं विचारलं, बिघाड दाखवतो, पण ज्यानं केला त्याचं काय करणार, ते एकदा सगळ्यांसमोर सांगा.

आनंदरावानं नीलमकडं बघितलं आणि आवाज चढवला. “ज्याच्या हातनं लाईन बिघडली त्यानं उद्यापासनं ह्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा न्हाई.”

“कोणी का असंना?”

“माझा सख्खा पोरगा असला तरी.”

सत्तारनं दुर्बिणीचा पडदा टेबलावर ठेवला. माणसं वाकली. रांगेतला सगळ्यात म्हातारा तात्याबा डोळे बारीक करून म्हणाला, हे तर कुंकू दिसतंय. त्याबरोबर आनंदरावाला जोर चढला. कुंकू म्हणजे बाईमाणूस, आणि ऑफिसात बाईमाणूस एकच, मी म्हणत नव्हतो का? सत्तारनं मान डोलावली. म्हणाला, बरोबर हाय, तपासायलाच पायजे. त्यानं नीलमला समोर उभं केलं. तिच्या कपाळावर चिकटायची टिकली होती, तीसुद्धा निळी. तिथं लाईन साफ निघाली. मग त्यानं नीलमकडं हात केला. तिनं एकदा आबांकडं बघितलं, एकदा खणातल्या मलमाकडं, आणि फोन दिला. सत्तारनं सतरावा फोटो मोठा करून पडद्याच्या शेजारी ठेवला.

कोणी हसलं नाही. तात्याबाला मात्र मोठा खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

“देवाची चूक न्हाई आन् कुंकवाची बी न्हाई,” सत्तार म्हणाला. “जागा तेवढी चुकली, चेअरमन.”

मग त्यानं पिशवीतून साफ करायचं पेन काढलं, टोकाला लावून दोनदा टकटक दाबलं, कपाटातली डबीही पुसली आणि वायर जागेवर बसवली. हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. अडकलेले आकडे एकदम येऊन पडले आणि प्रिंटरनं धडाधड पावत्या ओकायला सुरुवात केली. माणसं पावत्यांवर तुटून पडली. त्या गडबडीत आनंदराव कधी बाहेर पडला ते कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याची गाडी फाटकाबाहेर थांबली. वॉचमननं फाटक सताड उघडलं, तर आनंदराव म्हणाला, लाव. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली त्यानं प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि तिथं बसून संस्था चालवायला लागला. सह्या तिथं, टँकरवाले तिथं, भांडणं तिथं. कुरकुंभच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार गाडीच्या खिडकीतून वाकून बघायचे आणि चेअरमनला काढलं की काय, असं एकमेकांना विचारायचे. नीलम आपल्या खुर्चीवर होती. दर दोन तासांनी ती रजिस्टर आणि चहा घेऊन लिंबाखाली जायची आणि परत यायची.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी आनंदरावानं सत्तारला बोलावलं. इथं नेट येत नाही, लिंबापर्यंत वायर ओढ, म्हणाला. तांब्याची वायर शंभर मीटर नीट चालते आणि लिंब सत्तरवर होता. सत्तारला हे काम फार गोड लागलं. त्यानं सबंध सकाळ लावून रस्त्यावरून वायर ओढली, खुर्चीच्या पायाशी आणली आणि डबीचे आठ दिवे आनंदरावाच्या नाकासमोर धरून मोजून दाखवले. आनंदराव दिव्यांकडं बघतच नव्हता.

“सत्तार, तो बेडूक आठवतो का रं?”

“सात छड्या.”

“तवाच उठून बोलाय पायजे हुतं म्या.”

सत्तारला यावर काहीतरी खवचट बोलायचं होतं. पंचेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं होतं. पण ऐन वेळी सगळं मुसळ केरात गेलं. तो नुसता वायरीला चिकटपट्टी लावत राहिला. तेवढ्यात नीलम चहा घेऊन आली. आनंदरावानं कप घेतला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“चुकलं माझं, पोरी. न बघता तुला जा म्हणालो.”

नीलमनं कप खुर्चीच्या हातावर ठेवला. “मग आत चला, आबा. रस्ता वलांडून माझं पाय दुखाय लागलं.”

“तसं कसं? चार माणसांत शब्द दिलाय.”

“तो शब्द तुम्ही माझ्यासाठीच काढला व्हता,” नीलम म्हणाली. “माझाच हाय तो. म्या मोडला.”

आनंदराव उठला आणि टोपी घालून तिच्या मागं निघाला. सत्तार ओरडला, की आत्ता कुठं सत्तर मीटर ओढलीय, निदान आजचा दिवस तरी बस. कोणी मागं वळून बघितलं नाही. शिव्या घालत, हसत त्यानं वायर गुंडाळायला घेतली आणि गुंडाळत गुंडाळत ऑफिसच्या दारापर्यंत आला. आत नीलम खुर्चीवर बसत होती. आनंदराव वायरींच्या कपाटापुढून आपल्या खोलीकडं चालला होता, आणि जाताना त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले होते.