थांबलेली आग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावरच्या खुर्चीत सासूबाई चपला काढून बसल्या होत्या आणि होमिओपॅथीचे डॉक्टर त्यांच्या पावलावरून मऊ ब्रश फिरवत होते.

"मावशी, तीन वर्षं पायांची आग होत होती ना? आणि आता?"

"अगदी थांबली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तुमची मधुमेहाची गोळी मी बंद करत नाही," डॉक्टर माईकवर म्हणाले. "तिच्या जोडीला माझी द्यायची. मेलेली नस उठून बसते! हा बघा, अंगठ्याला ब्रश लावला. जाणवतंय ना?"

"हो तर!"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुनेच्या मनात पाल चुकचुकली. ती प्रयोगशाळेत रक्त काढायची. सुई लागायच्या आधीच 'आई गं' म्हणणारे तिने ढिगाने पाहिले होते. हे गृहस्थ तर सांगूनसवरून, डोळ्यांदेखत ब्रश लावत होते! ती सरळ मंचावर गेली.

"डॉक्टर, आता हेच यांचे डोळे मिटून होऊ दे."

"ताई, शंका घेतली की औषधाचा गुण जातो."

"का? शंका काय गोळीत विरघळते?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाई मात्र कानकोंड्या झाल्या. "अगं, चार लोकांत काय हे!"

सुनेने पर्समधून कापसाचा बोळा काढला. "आई, माझ्यासाठी एवढंच. कापूस लागला की हो म्हणा."

सासूबाईंनी डोळे मिटले. कापूस अंगठ्यावरून, बोटांवरून, टाचेवरून फिरला. शेवटी सासूबाई वैतागून म्हणाल्या, "लाव ना गं एकदाचा! किती वेळ?"

पुढच्या रांगेतले लोक उभे राहून पाहू लागले.

सुनेने पाऊल उचलून पाहिलं. चवड्याखाली रुपयाएवढी जखम चिघळली होती. काढून ठेवलेल्या चपलेत शर्टाचं तुटकं बटण रुतलेलं. इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभं राहून सासूबाई त्याच बटणावर वावरत होत्या.

"आई, ही जखम कधीची?"

"कसली जखम?"

डॉक्टर ब्रश खिशात घालून माईकची वायर गुंडाळू लागले.

त्याच दुपारी सुनेने सासूबाईंना सरकारी रुग्णालयात नेलं. सर्जन म्हणाले, "मधुमेहात पायांची आग होते म्हणजे नस दुखावलेली असते, पण जिवंत असते. यांची आग थांबली ती नस पार बधिर झाल्यामुळे. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल कापावं लागलं असतं."

दोन महिने मलमपट्टी चालली. पाऊल वाचलं.

परवा शेजारीण त्याच गोळ्यांची बाटली घेऊन दुकानात आली. सासूबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली.

"हे बघ, बाई, देणाऱ्याला दोन प्रश्न विचार. माझी साखर किती आहे, आणि माझे पाय तुम्ही नीट तपासलेत का? उत्तर द्यायचं सोडून तो चिडला, तर तिथून उठ आणि तडक रुग्णालय गाठ."