मीराच्या साक्षगंधाचं शरबत

संत्र्याचं शरबत करावं तर मीच, असं आमच्या सीताबर्डीच्या गल्लीत सगळे म्हणत, आणि खरं सांगते, ते ऐकायला मला फार आवडायचं. साखरेचा पाक करायचा, तो पार थंड होऊ द्यायचा, मगच त्यात रस घालायचा. रसाला आच लागली की तो कडू पडतो. मी परकरात होते तेव्हापासून आईनं हे माझ्या डोक्यात बसवलं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये माझ्या नणंदेचं, मीराचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पाहुण्यांना जेवणानंतर बर्फाचा गोळा द्यायचा आणि वर माझं शरबत. माझी धाकटी जाऊ शामला महिन्यापूर्वीच लग्न होऊन खाप्याहून आली होती. ती सकाळपासून संत्री सोलून फडक्यातून रस पिळत होती. मी मात्र शेजारणींना नवी साडी दाखवण्यात रमले. परत आले तेव्हा पाक वाफाळत होता आणि पाहुणे यायला तासभर उरला होता. एवढ्यानं काय बिघडतं, म्हणून रस तसाच ओतला आणि लवकर मुरावा म्हणून वर एक उकळीही काढली.

नवऱ्या मुलाच्या मामांनी पहिल्या चमच्यालाच तोंड वाकडं केलं. मग एकेकानं बश्या खाली ठेवल्या.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी विचारलं, "सिंधू, कडू काहून झालं वं?"

"शामलानं रसात बिया रगडल्या असन," मी पटकन बोलून गेले. "तिले कुठं मालूम."

शामला दारातच होती. "माह्यंच चुकलं असन," ती म्हणाली. तिनं नाकारलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. पण तिला ते खरंच वाटलं.

वर्षभर लोणचं असो की पापड, सासूबाईंचं एकच, "शामला, तू हात नोको लावू." बिचारी मुकाट्यानं भांडी घासायला बसायची. उद्या सांगते, असं मी रोज ठरवायची. मला स्वतःची लाज वाटायची, पण गल्लीतलं नाव जाईल याची धास्ती त्याहून मोठी होती.

पुढच्या उन्हाळ्यात मीरा आणि जावई आले. शरबत शामलालाच करू द्या, म्हणून मी सासूबाईंच्या मागे लागले. एवढं केलं की मन हलकं होईल, असं वाटलं होतं. शामलानं प्रत्येक फोड उकलून एकेक बी काढली. दुपारपर्यंत तिची बोटं सोलवटून निघाली. पाक निवला की नाही, ते मी तीनदा भांड्याला हात लावून पाहिलं.

जावयांनी दुसऱ्यांदा गोळा मागितला. सासूबाई खुलल्या. "सिंधूनं शिकवलं मनून पोरगी सुधरली," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

आता तरी बोल, मी स्वतःला बजावलं. तोंडही उघडलं. तेवढ्यात शामला पदर सावरत आली आणि माझ्या पाया पडली.

"ताई, तुमी नसत्या तं मले कोनी भांड्याले हात लावू देल्ला नसता."

तिची सोलवटलेली बोटं माझ्या पायांवर होती. सगळे कौतुकानं बघत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राह्य."