दोन अंडी, तीन मिनिटं

मी मायक्रोवेव्ह बोलतोय. होटगी रोडला टॉवेलच्या एका कंपनीचं ऑफिस आहे. तिथं पहिल्या मजल्यावर, खिडकीत मी बसलेला असतो. तुम्ही डबा गरम करायला आला असाल तर जरा थांबा. माझ्या पोटात खूप काही शिजून गेलंय, ते एकदा कुणाला तरी सांगायचंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातलं थर्माकोलच तेवढं आठवतं. पुढं एका दिवाळीत या कंपनीचे मालक मल्लेश शेठ यांना कुणीतरी मला भेट म्हणून दिलं आणि मी त्यांच्या घरी गेलो. मालकीणबाईंनी, म्हणजे श्रीदेवीताईंनी, मला फार जपलं. इतकं जपलं की कधी चालूच केलं नाही. माझ्या डोक्यावर विणलेलं कापड होतं, कापडावर फुलदाणी होती आणि पोटात खारी, पाव आणि पित्ताच्या गोळ्या. दोन वर्षं मी कपाट होतो. नंतर त्यांचं स्वयंपाकघर नवं झालं, भिंतीत बसवलेला दुसरा मायक्रोवेव्ह आला आणि माझी रवानगी ऑफिसात झाली.

ऑफिसात आलो त्या दिवशी मी पहिल्यांदा तापलो. त्याचा आनंद काय सांगू!

ऑफिसचं सगळं चनबसप्पांच्या हातात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. राहायला शुक्रवार पेठेत, वय साठीच्या अलीकडे, कपाळावर भस्माच्या तीन पट्ट्या आणि खिशाला कायम तीन पेनं. त्यांतलं लिहितं एकच. सकाळी साडेआठला सगळ्यांच्या आधी यायचं, भिंतीवरच्या सिद्धरामेश्वरांच्या फोटोला हार घालायचा, उदबत्ती लावायची, हा त्यांचा नेम. दुपारी ते माझ्यात शेंगदाण्याच्या कुटाची शेंगाभाजी गरम करायचे. भाकरी मात्र कधीच नाही. म्हणायचे, "ह्याच्यात भाकरी चामड्यागत हुते." खोटं कशाला बोलू, होते.

फोटो ज्या भिंतीवर, त्याच भिंतीला प्लगचा एकुलता एक पॉइंट. त्यामुळं तेव्हा मी बरोबर फोटोच्या खाली, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शुभदा येईपर्यंत.

शुभदा सरवदे. परदेशी पाठवायच्या मालाची कागदपत्रं बघायला ती नोकरीला लागली. जवळच्या कुंभारी गावाहून यायची. तिला सोयीची एसटी एकच, त्यामुळं तीही साडेआठलाच ऑफिसात हजर. पहिल्याच दिवशी तिनं पिशवीतून एक जाड कप काढला, आमच्या दोघांकडं एकेकदा बघितलं, म्हणजे माझ्याकडं आणि आप्पांकडं, आणि विचारलं, "आप्पा, इथं नाश्ता केला तर चालेल ना?"

आप्पा म्हणाले, "कर की. त्यात काय इच्यारायचं?"

तिनं दोन अंडी काढली आणि आप्पांनी झटकन पाठ फिरवली.

पाठ फिरवली ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळं झाला.

शुभदाची कृती मला तोंडपाठ आहे. कपात अंडी फोडायची. कांदा, मिरची, मीठ, चमचाभर दूध घालून काट्यानं खळाखळा फेटायचं. पाऊण मिनिट माझ्यात, मग बाहेर काढून ढवळायचं, पुन्हा अर्धं मिनिट. असा फुगून वर यायचा तो ऐवज की मला माझाच अभिमान वाटायचा! कपातच खायचा, कप धुवायचा, पावणेनऊला माणूस कामाला तयार.

पण वास. एका बाजूनं उदबत्ती, दुसऱ्या बाजूनं अंडं, आणि मधे आप्पांचं नाक. आप्पा तोंडावर कुणाला काही बोलणारे नव्हेत. महिनाभर त्यांनी खिडक्या उघडल्या. पुढचा महिनाभर एकाच्या जागी चार उदबत्त्या लावल्या. त्यानं वासाचं काही झालं नाही, शुभदाला शिंका तेवढ्या लागल्या. शेवटी एका सोमवारी त्यांनी संगणकावर एक कागद टाइप केला आणि माझ्या दारावर चिकटवला.

"या मशीनमध्ये अंडी, मांस, मासे गरम करू नयेत. आदेशावरून."

आदेश कुणाचा ते कुणालाच कळलं नाही. मल्लेश शेठनासुद्धा वाटलं, सरकारी काहीतरी असेल.

शुभदानं कागद वाचला. आप्पा फायलीत डोकं घालून बसले होते. फाइल उलटी होती. तिनं कप पुन्हा पिशवीत ठेवला, पाण्याच्या पिंपापाशी उभ्याउभ्या दोन बिस्किटं खाल्ली आणि जागेवर जाऊन बसली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवार, बुधवार बिस्किटांवर गेले. गुरुवारी सकाळी नमुन्यांच्या खोलीतून धप्प असा आवाज आला. शुभदा चक्कर येऊन खाली बसली होती. खाली म्हणजे टॉवेलच्या गठ्ठ्यावर, म्हणून लागलं नाही. आमच्या ऑफिसात पडायला जागा मऊ आहे.

झाडलोट करणारी नागम्मा धावली. तिनं लिंबू-साखरेचं पाणी पाजलं, शुभदाला पंख्याखाली बसवलं आणि सरळ आप्पांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात झाडू तसाच.

"आप्पा, पोटुशी हाय ती पोर. पाचवा म्हैना लागलाय."

आप्पांच्या हातातलं पेन पडलं. लिहितं होतं तेच.

"सासूच्या डोळ्याचं आपरेशन झालंय. तिचं समदं करून घर सोडती. भल्या सकाळी घास उतरत न्हाय म्हनून हितं येऊन खाती. डाक्टरनं अंडी खा म्हनून बजावलंय. आन् तुमी कागूद चिकटवताय!"

"मला काय म्हाईत? कुणी सांगितलं का मला?"

"तुमी फायलीतनं डोकं वर काढलं तर सांगंल की कुणी!"

नागम्मा कन्नडमध्ये आणखी दोन-तीन वाक्यं बोलली. ती मला कळली नाहीत. आप्पांना कळली. त्यांचे कान लाल झाले.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा आप्पा माझ्यापाशी आले आणि नखानं कागद खरवडायला लागले. पण डिंक त्यांनी इमानदारीनं लावला होता. निम्माच कागद निघाला. राहिला तो तुकडा असा : "या मशीनमध्ये अंडी". दोन दिवस मी ती जाहिरात कपाळावर घेऊन उभा होतो.

शुक्रवारी शुभदा रजेवर होती. शनिवारी आप्पा आठलाच आले. हार नाही, उदबत्ती नाही. हातात टॉवेलची पिशवी, टॉवेलात टॉवेल, आणि त्याच्या आत दोन अंडी!

ती कशी आणली हे त्यांनी नंतर शुभदाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. शुक्रवार पेठेत घ्यायची सोयच नव्हती, तिथं त्यांना सगळे ओळखतात. म्हणून वाटेत अनोळखी दुकान बघून गाडी थांबवली. हेल्मेट काढलं नाही. काचसुद्धा वर केली नाही.

दुकानदार म्हणाला, "किती?"

आप्पांनी दोन बोटं दाखवली.

"दोन ट्रे?"

आप्पांनी आडवी मान हलवली. हेल्मेटमुळं ती कुठल्याही बाजूला हलली तरी सारखीच दिसत होती. दुकानदारानं दोन ट्रे बांधायला घेतले, तेव्हा नाइलाजानं काच वर करून बोलावं लागलं. "अवो, दोन नग!" आणि दुकानदार म्हणाला, "बसा की आप्पा, च्या घ्या." तो निघाला त्यांच्याच गल्लीतल्या शिवपुत्रचा मेहुणा.

तर आप्पा माझ्यासमोर उभे राहिले. अंडं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं होतं, तेही रुमालातून. शुभदाची एसटी साडेआठला येणार, ती यायच्या आत गरम नाश्ता तयार ठेवायचा, असा त्यांचा बेत. कृती त्यांना माहीत होती असं त्यांना वाटत होतं. पण इतके दिवस ती अंडी फोडायची तेव्हा यांची पाठ माझ्याकडं असायची. फोडणं त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांनी बघितलं होतं ते एवढंच, की अंडी पिशवीतून निघतात आणि मशीन घूं करतं.

अंडी घरंगळू नयेत म्हणून त्यांनी माझ्या काचेच्या ताटलीवर नमुन्याचा छोटा टॉवेल अंथरला. त्यावर दोन अंडी सालासकट ठेवली. मग हिशेब केला, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. "एकाला दीड मिनिट. दोनाला तीन."

मी ओरडायला हवं होतं. पण आम्हाला बटण दाबलं की चालू व्हायचं, एवढंच ठाऊक.

पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला आतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अंड्याच्या आतल्या पाण्याची वाफ झाली होती आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. आप्पा कौतुकानं वाकून काचेतून बघायला लागले. त्यांना वाटलं, कुकरसारखी शिट्टी होते. तिसरी झाली की उतरवायचं.

दुसरी झालीच नाही. धाड!

माझं दार उघडून भिंतीवर आपटलं. एक अंडं माझ्या छताला लागलं, दुसरं आप्पांना. पिंपावरचा पेला खाली पडला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "ट्रान्सफॉर्मर गेला काय रं?"

त्याच वेळी शुभदा आणि नागम्मा जिना चढून वर आल्या. आप्पा पुतळ्यासारखे उभे होते. चष्म्याच्या एका काचेवर पिवळं, मिशीवर पांढरं.

"आप्पा! लागलं का तुम्हाला?"

"म्हं-हं."

"भाजलं का कुठं?"

"म्हं-हं."

"अहो, मग बोलत का नाही?"

नागम्मानं आप्पांच्या घट्ट मिटलेल्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाली, "त्वांड उघडलं तर आत जाईल म्हनून."

आप्पांनी मान डोलावली. आणि शुभदा हसायला लागली. इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं, पोटाला हात लावून. नागम्मा हसली. नमुन्याच्या टॉवेलनं दोघींनी आप्पांना पुसून काढलं. मग आप्पांनी सात वेळा तोंड धुतलं आणि सातव्या वेळेनंतर ते बोलले.

"नाश्ता करत हुतो तुझा. चुकलं माझं, पोरी. अंड्याचं न्हवं, त्या कागदाचं म्हणतोय मी."

शुभदा हसायची थांबली. मग म्हणाली, "मीही सांगायला हवं होतं, आप्पा. पण नोकरी नवी, आणि त्यात हे. भीती वाटली." मग ती उठली, उरलेला कागद पाण्यानं भिजवून हळूच काढला. मला तोंड धुतल्यासारखं वाटलं.

दहा वाजता मल्लेश शेठ आले. माझ्या आत डोकावून म्हणाले, "हे भंगारात टाका आजच."

माझा दिवा तर गेलाच होता. ताटलीखालचं चाकही मोडलं होतं. मी मनानं भंगाराच्या हातगाडीवर जाऊन बसलोसुद्धा. पण आप्पा उठले. पंचवीस वर्षांत शेठपुढं त्यांनी कधी 'नाही' म्हटलं नव्हतं.

"मालक, चूक माझी हाय. मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतंय. दुरुस्तीचं मी बघतो. ह्याला टाकायचं न्हाय."

शेठनी आप्पांच्या मिशीकडं निरखून बघितलं. "आप्पा, तिथं काय लागलंय?"

"टॉवेलचा धागा," आप्पा म्हणाले.

दुरुस्तीवाल्यानं दार आणि चाक बसवलं. फोटोचा आणि माझा प्रश्न नागम्मानं सोडवला. ती म्हणाली, "येक लांब वायर आना आन् ह्याला पल्याड खिडकीत ठिवा की." दोन-अडीच महिने दोन शिकलेली माणसं ज्यासाठी कुढत होती, ते एका वायरीत मिटलं. मी खिडकीत आलो. वास बाहेर जायला लागला आणि मला होटगी रोड दिसायला लागला.

तिथून पुढं मात्र मजा आली. आप्पा अंड्याला हात लावायचे नाहीत. त्यांच्यात चालत नाही म्हणजे नाही, त्याबद्दल शुभदाही कधी काही बोलली नाही. फोडायचं काम तिचं. पण कांदा, मिरची, टोमॅटो, कोथिंबीर बारीक चिरून आप्पा घरून डब्यात आणायचे आणि नाकाला रुमाल लावून माझी बटणं दाबायचे. पाऊण मिनिट, ढवळ, अर्धं मिनिट. सेकंदाचाही फरक नाही. चिरायचं काम अर्थातच घरी त्यांच्या महेश्वरीबाई करायच्या. एकदा फोनवर त्यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "अवो, ऑफिसात रोज भेळ करताय का काय?"

आप्पा म्हणाले, "व्हय. भेळच म्हण."

चार महिने ती भेळ चालली. शुभदाच्या गालावर रंग आला. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली.

आता माझं वय झालंय. माझ्यातला दिवा दुरुस्तीवाल्याला मिळालाच नाही, त्यामुळं आतलं काही दिसत नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं आहे, जोडायला हात नाहीत तरी. अंडं फोडून ठेवा. पिवळ्याला काट्यानं एक टोचा द्या. स्टीलचा डबा नको. आणि कुणी सकाळी उपाशी दिसलं तर कागद चिकटवायच्या आधी एकदा विचारा.

काल सकाळची गोष्ट. आप्पा साडेआठला आले, सवयीनं माझ्यापाशी येऊन उभे राहिले. करायला काही नव्हतं म्हणून पाण्याचा पेला आत ठेवला, मिनिटभर लावला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते नुसतंच "व्हय का? व्हय का?" करत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं. टेबलं रिकामी. नागम्मा अजून आली नव्हती. मग ते माझ्याकडं वळले.

"पोरगी झाली," ते म्हणाले. "दोघी बऱ्या हायत."

मला काय काय बोलायचं होतं. पण तेवढ्यात मिनिट संपलं आणि माझ्या तोंडून एकच निघालं, "टूं टूं टूं."

"व्हय की," आप्पा म्हणाले. "मला पण लई आनंद झालाय."