आफियाच्या कमरेला पुरून उरलेली घोडी

कुमासी शहरात, गिरणीला भिंत लागून असलेल्या एका खोलीत, राहायच्या दोघी मायलेकी. आईचं नाव आफिया बिरागो, लेकीचं नाव सेरवा. आई सकाळी डोक्यावर पातेलं घेऊन मक्याची आंबवलेली कांजी आणि चवळीचे वडे विकायची, लेक रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायची. आणि त्यांच्याकडं होती एक लोखंडी घोडी, कीबोर्ड ठेवायची. ती घोडी म्हणजे मी. मीच बोलतेय. दुकानदार मला स्टँड म्हणतात. म्हणू देत.

माझा जन्म दोनदा झाला. पहिला मला आठवत नाही. आठवतं तेव्हापासून मी एका ट्रोट्रोच्या, म्हणजे वडापच्या गाडीच्या मागच्या बाकाचा सांगाडा होते. चौघांच्या जागी पाच बसायचे, मांडीवर लेकरू, पायात कोंबडी. वजन काय असतं ते मी तिथं शिकले. जाडा माणूस बाकाला जड होत नाही. एका जागी बसतो बिचारा. चुळबुळ करणारा वाळका असला, तरी तोच बाक मोडतो.

गाडी भंगारात गेली आणि मी सुआमेच्या लोहारआळीत आडोमाको मास्टरच्या अंगणात येऊन पडले. दोन वर्षं पडून होते. एक बकरी रोज माझ्यावर पाठ घासायची, तेवढाच माझा उपयोग. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही. लोखंडाला कुठं घाई असते?

मग एका मंगळवारी आफिया आली. मागं सेरवा, खाली मान घालून. आफियाच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर अॅल्युमिनियमचं रिकामं घमेलं.

"मास्टर, मला कीबोर्डची घोडी करून दे," ती म्हणाली. "मजबूत हवी आणि हलकी हवी."

"बाई, मजबूत हवी असेल तर मजबूत देतो, हलकी हवी तर हलकी देतो," आडोमाको म्हणाला. "दोन्ही पाहिजे असेल तर देवाकडं जा."

"देवाकडूनच आलेय. त्याच्या चर्चमध्येच तर पडलाय कीबोर्ड."

आणि उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगितलं. मी बकरीच्या पाठीखालून ऐकत होते.

ईस्टरच्या उपकारस्तुतीला पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं वारावारानं लोकांना पुढं बोलावलं. आमच्यात माणसाच्या जन्माचा वार त्याच्या नावातच असतो, लपवायची सोय नाही. रविवारचे आले, सोमवारचे आले, नाचत नाचत पुढं येऊन आपापली अर्पणं टाकून गेले. शुक्रवारच्या बाया उठल्या तशी आफियाही उठली, कारण आफिया म्हणजेच शुक्रवारची. शनिवारवाल्यांना हरवायचं म्हणून शुक्रवारच्या बाया नाचत नाचत थेट लाकडी चौथऱ्यावर चढल्या. लेक वाजवतेय, आई नाचतेय, आईच्या अंगात आलेलं. वळताना तिच्या कमरेचा एक धक्का बसला तो कीबोर्डच्या स्टँडला. दुकानातून आणलेला, कात्रीसारखा फाकणारा स्टँड. तो मिटला, आणि हॅम्बर्गच्या मामानं पाठवलेला कीबोर्ड तोंडावर पडला. खालच्या अंगाच्या तीन पट्ट्या मुक्या झाल्या.

"दुसऱ्या कुणी पाडला असता तर मी तिच्या दारात जाऊन भांडले असते," आफिया म्हणाली. "आता स्वतःच्या दारात कशी भांडू?"

"आई, पुरे ना," सेरवा पुटपुटली.

"पुरे कसं? वडीलमंडळी काय म्हणाली ते ऐकू दे ना मास्टरला. म्हणाली, हंगामाच्या रविवारपर्यंत पोरीला ठेवतो. कीबोर्ड पुन्हा खाली आला तर पलीकडच्या ताफो वस्तीतला वाजवणारा बोलावतो, त्याचं सामान धड आहे. आणि नाही पडला तर हिला कायमची नेमतो, चर्चमागच्या दोन खोल्याही देतो. मास्टर, आमच्या खोलीला लागून गिरणी आहे. दिवसभर मका दळतात. पोरीला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवून सराव करते."

आडोमाकोनं घमेल्याकडं बोट दाखवलं. "आणि हे कशाला आणलंस?"

"परीक्षेला."

ती सकाळी आदुम बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात जाऊन आली होती. प्रत्येक स्टँडवर घमेलं ठेवलं, त्यात पाणी ओतायला लावलं आणि शेजारी नाचून बघितलं. दुकानदार ओरडला, "मामी, हे वाद्याचं दुकान आहे, तुमची मोरी नाही!" तीन स्टँडांचं पाणी सांडलं. चौथ्याचं नाही सांडलं, पण तो आफियानं चुंबळीवर घेऊन बघितला तर मान आखडली. "डोक्यावर बसत नाही ती वस्तू नेता येते असं कसं म्हणायचं?" ती दुकानदाराला म्हणाली. त्यानं दार दाखवलं.

आडोमाको हसला, पण हसता हसता अंगणात फिरायला लागला. अँगलचं लोखंड उचललं, टाकलं. पलंगाची पट्टी उचलली, टाकली. मग बकरीला हाकलून त्यानं मला उचललं, बोटानं टिचकी मारली, कानाशी धरलं.

"हा चौकोनी पाइप आहे. पोकळ. पाच माणसं बसायची यावर. ही चालेल."

मग मला कापलं. सांगण्यासारखं काही नाही, आगीत सगळ्यांना सारखंच होतं. दोन बाजूंना दोन उभे पाय झाले, खाली आडवे तळवे, मधे जोडणारी दांडी, आणि पान्याशिवाय हातानं आवळता येतील असे चार कानवाले नट. सोडले की मी चपटी होऊन एका गठ्ठ्यात बसते. तळव्यांना त्यानं जुन्या टायरच्या टाचा लावल्या, घसरू नये म्हणून.

आफियानं घमेलं भरलं, माझ्यावर ठेवलं आणि कमरेचा एक दणका दिला. पाणी उसळलं ते थेट आडोमाकोच्या पायांवर.

"बाई, तुझी परीक्षा पूल बांधणाऱ्यांना दे!" तो ओरडला. पण ओले पाय तसेच ठेवून त्यानं गुडघ्याच्या उंचीवर आणखी एक दांडी जोडली. सेरवा बसून बघायला लागली तर तिचे गुडघे तिच्यावर आपटले. मग ती दांडी कापून मागं घेतली. पुन्हा घमेलं, पुन्हा दणका. या वेळी पाणी नुसतं थरथरलं, गरम कांजीवर साय थरथरते तसं.

"आता डोक्यावर," आफिया म्हणाली. चुंबळ सारखी केली, माझा गठ्ठा वर घेतला आणि गाड्यांच्या तळापर्यंत हात न लावता चालत गेली. सेरवा मागून म्हणत होती, "आई, लोक बघतायत." आफिया म्हणाली, "बघू देत. विचारतील तर पत्ता सांगू मास्टरचा."

एक चूक मात्र राहिली. आडोमाकोनं सेरवाच्या गुडघ्यांची उंची मोजली ती पोरगी अनवाणी असताना, आणि रविवारी ती आली उंच टाचांचे बूट घालून. मी तिला बोटभर ठेंगणी पडले. पहिल्या गाण्यातच तिचे गुडघे कीबोर्डला खालून घासायला लागले. दुसऱ्या गाण्याच्या आधी तिनं बूट काढून माझ्या तळव्यामागं सारले. पुढच्या बाकावर कुजबुज झाली, "अनवाणी वाजवते बघा!" तेव्हापासून ती अनवाणीच वाजवते.

रविवार सोडून बाकीचे दिवस मी घरात असायचे. माझ्यावर भिजवलेल्या चवळीची ताटं ठेवत, ओले कपडे वाळत घालत, एकदा वर फळी टाकून शेजारणीचं बाळही झोपवलं. माणसं हातात मजबूत वस्तू आली की तिला जेवढी कामं सुचतील तेवढी लावतात. मला चालतं. बाकापेक्षा बरं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चर्चमध्ये आफिया आता मागच्या बाकावर, भिंतीकडेला बसायची. वारांची नावं पुकारली की हात मांडीखाली दाबून धरायची. तिनं मला इतकं पारखून घेतलं होतं, पण स्वतःच्या कमरेवर काही तिचा भरवसा उरला नव्हता. घरी सेरवा म्हणायची, "घोडी हलत नाही गं, आई." आफिया म्हणायची, "घोडी नसेल हलत. मी हलते ना."

हंगामाचा रविवार आला. वेदीपुढं सुरणाचे कंद, केळीचे घड, मक्याची कणसं रचलेली. वडीलमंडळी पुढच्या रांगेत. सगळ्यांची नजर माझ्यावर, म्हणजे तशी कीबोर्डवर. आफियानं सकाळीच आपल्या डोक्याच्या फडक्याची पट्टी फाडून कीबोर्ड मला बांधून दिला होता आणि जाऊन बसली होती भिंतीकडेला.

वार सुरू झाले. रविवारचे आले, सोमवारचे आले, गुरुवारच्या पुरुषांनी ढोलवाल्याला घाम फोडला. मग पाळकसाहेब म्हणाले, "शुक्रवार!" बाया उठल्या, रुमाल फडकायला लागले.

सेरवानं पट्ट्यांवरून हात उचलले.

गायनप्रमुख ताविया गुरुजी जवळ आले. "वाजव की, पोरी. मंडळी उभी आहे."

"शुक्रवारच्या सगळ्या उठल्या नाहीत अजून, गुरुजी."

"अगं, कोण राहिलंय?"

सेरवानं हनुवटीनं मागच्या भिंतीकडं खूण केली. सारं चर्च वळलं. आफियानं मान खाली घातली.

"मी बसून गाते," ती तिथूनच म्हणाली.

"बसलेल्या बाईसाठी मी वाजवत नाही," सेरवा म्हणाली.

गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, "सेरवा, आज तुझा निकाल आहे. वडीलमंडळी बघताहेत. वेडेपणा करू नकोस." सेरवानं हात मांडीवर ठेवले. मी खाली होते, मला दिसत होतं. तीन महिने गिरणीच्या आवाजात केलेला सराव, दोन खोल्या, सगळं त्या मांडीवर ठेवून बसली होती ती.

तेव्हा म्हातारी दुफिए, वडीलमंडळीतली एकटीच बाई, काठी आपटून म्हणाली, "आफिया, उठतेस की मला ओढायला यावं लागेल? माझेही गुडघे शुक्रवारचेच आहेत, मी उभी आहे ना!"

लोक हसले. आफिया उठली. कपडा कमरेला घट्ट आवळला आणि गाणं तिनंच उचललं, तिला झेपेल त्या पट्टीत. आमच्यात गाणारा आधी सुरू करतो, वाजवणाऱ्यानं मागाहून त्याचा सूर हुडकायचा. सेरवानं पहिल्याच बोटाला हुडकला. आईचा सूर होता तो.

आफिया नाचत आली, पण चौथऱ्याच्या खालीच थांबली. सेरवा वाजवता वाजवता ओरडली, "आई, वर!" आफियानं मान हलवली. पण शुक्रवारच्या बायांच्या मनात शनिवारवाल्यांना हरवायचं होतं. मागून दहा-बारा जणींचा लोंढा आला आणि तिला उचलल्यासारखं चौथऱ्यावर घेऊन आला. तिनं वळायला जागा शोधली, ती नव्हती. तिची कमर सगळ्या जोरानं माझ्या उजव्या पायावर आदळली.

मी खोटं सांगणार नाही. एक नट कुरकुरला. टायरची टाच लाकडावर चिकटून राहिली आणि मागची दांडी ताणली गेली. ट्रोट्रोच्या बाकावर अशी कितीतरी माणसं येऊन बसली होती. मी उभी राहिले.

सेरवाचा एकही सूर चुकला नाही. आफिया आ वासून माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं, मला वाटतं मुद्दामच, आणखी एकदा आपटून बघितलं. तेव्हा मात्र पाळकसाहेबांनाही हसू आवरलं नाही, आणि ती नाचायला लागली. तीन महिन्यांचं राहिलेलं सगळं नाचली.

उपासना संपल्यावर वडीलमंडळी बाजूला बसली. एकजण म्हणाला, "पोरीनं मंडळीला ताटकळत ठेवलं. हे बरं नव्हे." म्हातारी दुफिए म्हणाली, "आईला सोडून वाजवलं असतं तर ते बरं झालं असतं का? ताफोच्या माणसाला बोलवा खुशाल. पण आधी आफियाला त्याच्या स्टँडशेजारी नाचवा."

मग ताफोला निरोप काही गेला नाही.

आता माझं वय झालंय. रंग उडालाय, टायरच्या टाचा दोनदा बदलल्या. तुम्ही कधी घोडी घ्यायला जाल तर तिच्या चकाकीला भुलू नका एवढंच सांगते. पाणी भरलेलं घमेलं सोबत न्या. आणि घरात जी सगळ्यात जोरात नाचते, तिला न्या.

त्या हंगामाच्या रविवारनंतरच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी आम्ही चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. कडेला आंब्याचं झाड, दारात पाण्याचा नळ, आजूबाजूला गिरणी नाही. आफिया आता फाटकापाशी बाकडं टाकून बसते आणि गिऱ्हाईकच तिच्याकडं चालत येतं. संध्याकाळी सेरवाकडं नऊ मुली शिकायला येतात, पायातलं दाराशी काढून. त्या पहिल्या सोमवारी सामान लावून झाल्यावर सेरवानं दारं लावून घेतली, खालच्या तीन पट्ट्या सोडून सगळ्या एकेक करून दाबल्या, आणि प्रत्येकीचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.