डावीकडून दुसरी

आमचा धंदा लोकांचे चेहरे सुधारायचा. आजोबा काचेच्या प्लेटवर पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे, वडील कागदावर ब्रश चालवायचे, मी कॉम्प्युटरवर बसतो. तीन पिढ्यांत आम्ही किती नवरदेवांना केस दिले आणि किती विहिणींचे मस घालवले, याची गणती नाही. पण आमच्याच घरात आत्याच्या आईचा फोटो एकच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तोही एकटीचा नाही. बाकावर पाच बायका, मागे कोट घातलेले सहा पुरुष आणि प्रत्येकाचा चेहरा हरभऱ्याएवढा.

नाती आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गोंधळ व्हायचा. आजोबांची पहिली बायको आत्याला जन्म देऊन चौथ्या दिवशी गेली. वर्षाच्या आत आजोबांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. तिच्या पोटी माझे वडील. म्हणजे ती आत्याची आधी मावशी, मग सावत्र आई, आणि माझी सख्खी आजी. मला ती खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून द्यायची. आत्याला तिने काय दिलं ते आत्याच्या दंडावर अजून दिसतं, उकळत्या पाण्याचा डाग आहे. हे दोन्ही एकाच बाईचे हात, हे मला कधी पचलं नाही, म्हणून मी तो विषय काढतच नसे.

गेल्या महिन्यात आत्याने बोलावून घेतलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण जीभ अजून कात्रीसारखी. मला ती लहानपणापासून भिंगोबा म्हणते.

"ये भिंगोबा. डोळ्यांच्या डॉक्टरनं हात टेकले. उजवा तर गेलाच. डावा दोन-तीन आठवडे चालेल म्हणतो."

"डॉक्टर काहीही बोलतात."

"तू नको काहीही बोलूस. काम ऐक." तिने पत्र्याच्या डब्यातून फोटो काढला. "यातली आई मला मोठी करून दे. खऱ्या डोक्याएवढी. आयुष्यभर तिला अशी मुंगीएवढी बघत आले. एकदा तोंड नीट बघते, मग जाऊ देत डोळे."

फोटो मी पहिल्यांदाच बघत होतो. पणजी मधोमध. तिच्या एका बाजूची बाई कडेला झिजली होती, वारंवार बोट फिरवून. दुसऱ्या बाजूच्या बाईला चेहराच नव्हता. तिथे कागदाचं पांढरं पोट दिसत होतं.

"हिला कुणी खरवडलं?"

"मी. सुईनं. सासरी आले त्याच दिवशी. मावशी आहे ती. म्हटलं, इथंही माझ्यावर डोळे वटारून बसायला नको. आधी डोळे काढले, मग म्हटलं अर्धवट कशाला ठेवा." ती हसली. "राग आला? तुझी आजी ना ती."

"आला."

"येऊ दे."

आई कुठली आणि मावशी कुठली हे तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं. सख्ख्या बहिणी, एका साच्यातून काढलेल्या. त्यात आत्याने आईला कधी पाहिलेलंच नाही, आणि मावशी या फोटोत जेमतेम सोळाची.

"तुझ्या बापानं सांगितलं," ती म्हणाली. "मावशीनं आईचा एक फोटो घरात राहू दिला नव्हता. बाबा तर तेव्हा गेलेले. माझं लग्न ठरल्यावर तुझ्या बापानं चोरून प्लेट काढली, चोरून छापली. चौदा वर्षांचं पोर! आणि बाबांच्या वहीत बघून सांगितलं, डावीकडून दुसरी ती तुझी आई. त्या एका गोष्टीसाठी मी त्याचं सगळं माफ केलं. साठ वर्षं हिच्याशी बोलतेय मी. नवरा गेला ते हिला आधी सांगितलं, मुलांना नंतर."

त्या वहीबद्दल सांगायला हवं. आजोबा प्रत्येक प्लेटला, म्हणजे काचेच्या निगेटिव्हला, नंबर देत आणि वहीत डावीकडून एकेकाची ओळख लिहीत. आमच्या घरात नियमच होता की डोळ्यावर विसंबू नये, वहीला विचारावं. गिऱ्हाईक स्वतःच्या काकाला चुकीचं ओळखायचं आणि वही बरोबर निघायची, असं कितीदा झालेलं. म्हणून माझ्या वडिलांनी त्या दिवशी वही पाहिली. फोटो नाही पाहिला.

घरी येऊन मी माळ्यावरची पेटी उतरवली. प्लेट शाबूत होती. वहीतही ओळ होती: डावीकडून दुसरी, घरची. चौथी, मेहुणी. मी प्लेट स्कॅन केली, शेजारी आत्याच्या फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटो उघडला आणि कामाला लागलो. दोन्ही जुळेनात. माझ्याकडे डावीकडून दुसरी ती आत्याकडे चौथी होती. पहिल्यांदा वाटलं, आपणच काच उलटी घातली.

मग मी मागच्या पुरुषांचे कोट पाहिले. कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर असतो, जगात कुठेही. माझ्या स्कॅनमध्ये तो डाव्या छातीवर होता. आत्याच्या फोटोत सहाच्या सहा जणांचा उजव्या.

काचेच्या प्लेटची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरीवर लेप असतो. छापताना लेप कागदाकडे ठेवायचा. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण ते शेंबडं पोर आईच्या भीतीने घाईघाईत, चोरून छापत असेल, तर हात चुकतो. वडिलांनी काच उलटी ठेवली. फोटो उलटा आला, वही सुलटीच राहिली. डावीकडून दुसरी म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते स्वतःच्याच आईवर.

आत्याने साठ वर्षं ज्या तोंडाला दुःखं सांगितली, ते तोंड पाणी ओतणारीचं होतं. आणि सुईने डोळे काढले ते आईचे.

दिवसभर मी नुसता बसून राहिलो. खरं सांगावं, तर म्हातारी उरलेले दोन आठवडे कशी काढणार? न सांगावं, तर आईला न बघताच आंधळी होणार. शेवटी मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला तिची आई हवी होती ना, साठ वर्षांची सवयीची? तीच द्यायची. मी मावशीचा चेहरा मोठा केला. मोठा झाल्यावर तो मलाही ओळखू आला: माझ्या आजीची डावी पापणी जराशी ओघळलेली असायची, तशीच होती. मग मी तीन पिढ्यांची अक्कल पणाला लावली. पापणी उचलली, हनुवटी थोडी बारीक केली, गालाचं हाड घालवलं. तासाभरात कुणाचीही आई होऊ शकेल असा चेहरा तयार झाला. स्वतःवर खूश होतो मी, लाज वाटते पण होतो.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेलो. आत्याने खुर्ची खिडकीला लावून घेतली, केस विंचरून घेतले होते. फोटोला हात लावण्याआधी तिने विचारलं, "नीट बघितलंस ना? हीच ना ती?"

"हीच."

"खरी?"

"खरी. वहीत बघितलं."

तिने फोटो डाव्या डोळ्याजवळ धरला आणि कपाळापासून खाली यायला लागली. कपाळावर हसली. डोळ्यांवर बराच वेळ थांबली. "छान आहेत गं डोळे," असं काहीतरी पुटपुटली. मग ओठांवर आली आणि तिने फोटो झटकन लांब धरला.

पापणीवर मी एवढी मेहनत घेतली, पण मार खाणारं पोर मारणाऱ्याच्या पापणीकडे बघत नसतं. ते ओठांकडे बघतं.

"हे तोंड मला माहीत आहे," ती म्हणाली. "ओठ असे आवळले की मी पलंगाखाली जायची."

मी फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

"भिंगोबा, ही मावशी आहे."

"आत्या, अगं, सख्ख्या बहिणी—"

"मला शिकवू नकोस. सतरा वर्षं या तोंडाखाली राहिलेय मी." तिने फोटो मांडीवर पालथा घातला. तिच्या मनात काय जुळतंय ते मला दिसत होतं. मग तिने अगदी हळू विचारलं, "मग ती दुसरी कोण होती?"

मी सगळं सांगितलं. काच, लेप, खिसे, वडिलांची घाई. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. मध्येच ती स्वतःचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत होती. बोलणं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुला हे आज सकाळी माहीत होतं?"

"हो."

"आणि काचेत तिचं तोंड धड आहे?"

"एकदम धड आहे. उद्या आणतो."

उद्या नाही आणला. तोंड धड होतं, पण काचेला बुरशी लागली होती, गालावर ठिपके, कपाळावर एक लांब ओरखडा. मला वाटलं, या वेळी एक डाग राहता कामा नये. कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी डाग काढत बसलो, आणि हे दोन दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला डाग चालले असते. तिला काहीही चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी गेलो तर दार सुनेने उघडलं. म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून रडणं थांबलंच नाही हो. काल डोळा असा ठणकला की दवाखान्यात न्यावं लागलं. डोळ्यातला दाब चढला म्हणाले. आता काही दिसत नाही त्यांना."

आत्या त्याच खुर्चीत होती, तोंड खिडकीकडे. मी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"उजेड दिसतोय," ती म्हणाली. "त्यात कुणी नाही."

मी तिच्या पायाशी बसलो आणि सांगायला लागलो. आत्या, कपाळ रुंद आहे. केस मधून भांग पाडून मागे नेलेत. डोळे शांत आहेत, सरळ आपल्याकडे बघतेय. ओठ सैल आहेत, आता काहीतरी बोलेल असे. अंगावर शाल आहे, तिच्या आत, पोटात, तू आहेस. यातला शब्द न् शब्द खरा होता. या फोटोत मी एका केसालाही हात लावला नव्हता, फक्त डाग काढले होते.

तिने कागदावरून हळूहळू बोटं फिरवली. गुळगुळीत कागद, त्यात बोटांना काय लागणार?

"हीच ना?" तिने विचारलं.

"हीच, आत्या."

"खरी?"

"खरी. शपथ घेऊन सांगतो."

तिने फोटो माझ्याकडे परत दिला.

"परवाही तू असंच म्हणाला होतास," ती म्हणाली, आणि सुनेला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.