मर्लिंदाच्या खुर्चीची जाहिरात

मर्लिंदाला जाऊन एकोणतीस दिवस झाले होते, तेव्हा तिच्या खुर्चीची जाहिरात लागली. फिलिपिन्समधल्या बाकोलोडच्या बाजारामागे शाळेचे गणवेश शिवणारं एक दुकान आहे. त्याच्या काचेत पुठ्ठ्याची पाटी लावली होती : शिवणकामाला पाहिजे. स्त्री. अविवाहित. हसतमुख. शेवटी वयाचा आकडा होता. वय लिहायला कायद्याने बंदी आल्यावर दुकानाने त्यावर पांढरा रंग फासला होता, पण खालचं अठरा ते तीस वाचता येत होतं.

तेओफिलो सत्तावन्न वर्षांचा होता, मर्लिंदाचा नवरा. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने नोकरीच्या अर्जाचा छापील कागद आणला. उंची, वजन, धर्म लिहिला, फोटो डकवला. विवाहित की अविवाहित, या रकान्यापाशी थोडा थांबला आणि विधुर असं लिहिलं.

तो उगाच जात नव्हता. मर्लिंदा कामाचे गठ्ठे घरी आणायची. बाकी सगळं ती शिवायची, पण कॉलरची टोकं तिला कधीच जमली नाहीत. ती टोकं बारा वर्षं तेओफिलोने शिवली. दुकान पुरुषांना काम देत नसे, म्हणून दोघं गप्प राहिली. मालकीणबाई, म्हणजे मॅडम, नव्या मुलींना त्या कॉलरी दाखवून सांगत, मर्लिंदासारखं काम हवं.

दुकानातल्या बायका त्याला ओळखत होत्या, नोंग, म्हणजे दादा, म्हणत. मर्लिंदासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला सगळ्या येऊन गेल्या होत्या. अर्ज पाहून त्यांच्यातली नेनिता म्हणाली, "नोंग तेओ, झगा घालून यायचं होतं. मॅडमनी लगेच ठेवलं असतं." बायका हसल्या. तोही हसला.

मॅडमनी अर्ज वाचला. पुरुषांचा हात जड असतो, मुलींना अवघडल्यासारखं होतं, आणि या वयात बारीक टाक्याला नजर पुरेल का, असं त्या सौम्यपणे म्हणाल्या. त्याने वाद घातला नाही. एक कॉलर शिवू द्या, एवढंच मागितलं, आणि मर्लिंदाच्या मशीनवर बसून शिवली.

मॅडमनी टोक उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"ही तर मर्लिंदाची कॉलर."

"माझी आहे, मॅडम. बारा वर्षं माझीच होती."

मशीनं थांबली. मॅडम रागावल्या नाहीत. थोडा विचार करून त्यांनी मार्ग काढला. गठ्ठे पूर्वीसारखे घरी येतील, नेनिता पोचवील. पगाराच्या वहीत नाव मर्लिंदाचंच राहील. कुणाला कळायचं कारण नाही.

तेओफिलोला काम हवं होतं. घरी मशीन बंद पडून होतं आणि दिवस सरत नव्हता. पण चाळिसावा दिवस अजून यायचा होता. तोवर गेलेलं माणूस घराभोवतीच असतं, आणि कुणी अडवलं नाही तरच पुढे जातं. म्हणून तो घरात तिचं नावसुद्धा मोठ्याने घेत नव्हता.

"नको, मॅडम," तो म्हणाला. "दर शनिवारी पगार देताना वहीतून तुम्ही तिला हाक मारणार. मग ती जाणार कशी?"

नेनिताने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मग माझ्याकडे दुसरं काही नाही, नोंग. तुमचं नाव लिहिलं तर उद्या दहा बाप्ये दारात उभे राहतील."

"राहू देत की. त्यांनाही कॉलर शिवायला लावा."

मॅडमनी अर्ज दुमडून परत दिला. कॉलर मात्र नमुना म्हणून ठेवू का, असं विचारलं. ठेवा, तो म्हणाला, पण आता तिची म्हणून दाखवू नका.

चाळिसाव्या दिवशी दुकानातल्या सगळ्या प्रार्थनेला आल्या. मॅडमही आल्या. मर्लिंदाच्या जागी घेतलेली एकोणीस वर्षांची मुलगीही बरोबर होती. प्रार्थना झाली, भाताचा गोड केक वाटून झाला. निघताना ती मुलगी दारात रेंगाळली.

"नोंग, मला कॉलर जमत नाही," ती हळूच म्हणाली.

"मर्लिंदालाही जमत नव्हती," तेओफिलो म्हणाला.